उलटं वकीलपत्र

मी बडोद्यातल्या अलकापुरीत पेजर विकत होतो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे जागा मिळेलच असं नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. काचेच्या दाराचं ऑफिस होतं, गळ्यात टाय होता आणि कमरेला माझा स्वतःचा पेजर होता. त्यावर दिवसभरात एकच निरोप यायचा आणि तो बायकोचा असायचा: येताना दूध. तरीही मी उभ्या बडोद्याला पटवून देत होतो की जग आता जवळ आलं आहे. पटवून देणं हा माझा धंदा होता, आणि खोटं कशाला बोलू, छंदही होता. समोरच्याची मान डोलली की मला नाटकातला पडदा टाळ्यांवर पडल्यासारखं वाटायचं.

जिला मी आयुष्यात काहीही पटवू शकलो नाही अशी एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्याच घरात राहत होती. आई.

आई जुन्या शहरातल्या एका मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. मी त्याच शाळेत शिकलो. शाळेच्या हॉलमध्ये एक लाकडी मंच होता, त्यावर दुसरीत असताना मी झाड झालो होतो. झाडाला संवाद नव्हता, तरी मी एक म्हटला. विंगेतून आईने डोळे वटारले, समोर लोक हसले, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते माझं त्याच क्षणी ठरलं.

शाळा फार जुनी. संस्थानाच्या काळात इथे नोकरीला आलेल्या मराठी अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेली. त्यांची नातवंडं डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली, माझ्यासारखं एखादं पेजरवालंही झालं, आणि शाळा चालवणाऱ्या मंडळाचं सभासदत्व घराण्यात दागिने यावेत तसं त्यांच्याकडे येत गेलं. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मुलं मात्र त्या घरांतून येईनाशी झाली. ती पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जायला लागली. आमच्या शाळेत उरली ती रेल्वेतल्या खलाशांची, रिफायनरीवर कंत्राटाने राबणाऱ्यांची, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत हेल्पर असलेल्यांची. बहुतेक खानदेशातून आलेली. चार इयत्ता, दोन खोल्या, आई आणि एक धाकट्या बाई.

अशात एके दिवशी मंडळाच्या सभासदांना प्रस्ताव आला. येत्या जूनपासून शाळा बंद करावी आणि सगळ्या मुलांना पलीकडच्या गल्लीतल्या गुजराती शाळेत घालावं.

आम्ही काही सभासद पेटलो. पेटण्यासाठी आम्ही रविवारी सकाळी माझ्या घरी जमलो. 'शाळा बचाव समिती' स्थापन झाली. मी निमंत्रक. एकाने संस्थानचा इतिहास काढला, एकाने मातृभाषेवर असा आवाज लावला की शेजारच्या गुजराती काकू गॅलरीत येऊन पाहून गेल्या. आई आतून पोहे घेऊन आली. वर शेव, बाजूला लिंबाची फोड. सगळ्यांच्या हातात बश्या दिल्यावर ती म्हणाली, "तो प्रस्ताव मी लिहिलाय. पोह्यांना मीठ बेताचं आहे, लागलं तर मागा."

एवढं बोलून ती आत गेली. समितीने खाली मान घालून पोहे खाल्ले. कोणी मीठ मागितलं नाही.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. दारात उभं राहायची माझी एक खास पद्धत आहे, एक हात चौकटीवर आणि मान जरा तिरकी. तीन अंकी नाटकात वापरलेली आहे.

"आई, तू लिहिलास?"

"हो. शुद्धलेखनाची चूक आहे का काही?"

"तू मराठी शाळेची मुख्याध्यापिका आहेस!"

"म्हणून तर लिहिला. भाजीवाल्याने लिहिला असता आणि तू एवढा ओरडला असतास तर चाललं असतं."

"लोक काय म्हणतील?"

"कुठल्या भाषेत?"

मी चौकटीवरचा हात काढला. आईने पोह्यांची कढई घासायला घेतली आणि पाठमोरीच विचारलं, "तुझा मुलगा कुठल्या शाळेत जातो रे?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

"हो का? बरं."

आईचं 'बरं' ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना ते कसं समजावून सांगू? ते ऐकल्यावर आपल्याला आपलंच शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू येतं.

पुढचे काही दिवस मी तिच्या मताचं निदान करत होतो. प्रथम वाटलं ती थकली आहे. मे अखेर ती निवृत्त होणार होती. आपल्यामागे शाळा चाललेली तिला बघवणार नाही असंही वाटून गेलं. मग वाटलं, बाबा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नाही. ती तेव्हाही रडली नव्हती. तेराव्या दिवसानंतर शाळेत जाऊन तिने गणिताचा तास घेतला होता. मग वाटलं, कोणीतरी तिचे कान भरले आहेत. शाळेची जागा मोक्याची, बाजूला शॉपिंग सेंटरं उगवत होती, काय सांगावं! थोडक्यात, तिच्या मतामागे विचार असेल ही एक शक्यता सोडून बाकी सगळ्या शक्यता मी तपासल्या.

आता आमच्या अभिरूप न्यायालयाबद्दल सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

मंडळाचा गणपती शाळेच्याच हॉलमध्ये बसायचा आणि एका संध्याकाळी तिथे लटका खटला चालायचा. एका वर्षी आरोपी म्हणून टीव्ही उभा केला होता, एका वर्षी हुंडा, एका वर्षी जावई. अशी न्यायालयं मराठी माणूस जिथे जातो तिथे भरवतो. पण आमच्याकडे दोन नियम होते, ते मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. पहिला नियम उलट्या वकीलपत्राचा. ज्याचं जे मत असेल त्याने त्याच्या विरुद्ध बाजूने लढायचं. दुसरा नियम मानेचा. आपण ज्याचं म्हणणं मांडतोय तो माणूस समोर बसलेला असतो. "हो, माझं म्हणणं हेच आहे" अशी त्याने मान डोलावली तरच ते ग्राह्य. नाही डोलावली तर पुन्हा पहिल्यापासून. जुन्या मंडळींनी हे नियम का केले याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीप्रमाणे पूर्वी दोन सख्खे भाऊ भर न्यायालयात हातघाईवर आले होते. दुसरीप्रमाणे लोक तीच तीच भाषणं ऐकून कंटाळून आधीच बटाटेवड्यांकडे जायचे. माझा दुसरीवर विश्वास आहे.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आरोपी म्हणून आमची शाळाच उभी राहील. अध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे काका, पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, स्वतः दरवर्षी न्यायाधीश. कानाला यंत्र होतं आणि नको तेव्हा ते बंद करण्याची त्यांना कला होती.

"आरोप काय, काका?" मी विचारलं.

"वेळेवर न संपणे," काका म्हणाले आणि स्वतःच खूश झाले. "बंद करा म्हणणारी बाजू तू मांडायची. वाचवा म्हणणारी बाई मांडतील. मायलेकांचा खटला! अरे, तिकीट लावायला जोईए."

"काका, पुढच्याच रविवारी खरी सभा आहे. शाळेचं खरंच काय करायचं ते ठरायचंय."

"मग तर आधी तालीम झालीच पाहिजे ने!" असं म्हणून काकांनी यंत्र बंद केलं.

मला आनंद झाला नव्हता असं नाही. मला भूमिका मिळाली होती.

भूमिका म्हटली की मी ती बाहेरून घालतो, कोटासारखी. आवाज, चाल, हाताची लकब. आईची लकब मला पाठ होती, बोलताना ती उजव्या हाताची पहिली दोन बोटं अंगठ्यावर घासते, खडू असल्यासारखी. तेवढं करून दाखवलं की सभागृह हसणार याची मला खात्री होती. पण मान? ती हसून डोलत नाही. मला तिचं म्हणणं हवं होतं. मी सरळ तिच्याकडे गेलो. ती गवार निवडत होती.

"आई, तुला शाळा बंद का करायचीय ते एकदा सांग ना. मांडायला बरं पडेल."

"वकिलाने समोरच्या पक्षाकडून शिकून घ्यायचं नसतं."

"अगं, घरातल्या घरात!"

"चोरी घरातल्या घरात केली तरी चोरीच." तिने एक शेंग मोडली. "डोळे आहेत ना? शाळा काही लांब नाही."

मग मी एका दुपारी ऑफिसला दांडी मारून शाळेत गेलो. हॉलमधली खुर्च्यांची व्यवस्था बघायला आलोय असं धाकट्या बाईंना सांगितलं. शेवटचा तास चालू होता. आई चौथीच्या मुलांना शिकवत होती आणि तिसरीची मुलंही त्याच खोलीत पलीकडे तोंड करून बसली होती. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो.

आईने फळ्यावर मराठीत लिहिलं, 'पाणी'. मग डस्टरची कड धरून वरची रेघ पुसली, गुजरातीला ती लागत नाही. मुलांनी एका सुरात ते गुजराती म्हणून वाचलं. मग तिने 'मीठ' लिहून रेघ पुसली आणि शेजारी गुजराती शब्द लिहिला. मुलांनी तोही म्हटला. काही अक्षरांचं रेघ पुसूनही भागत नव्हतं, ती आई वेगळी काढून दाखवत होती. मागच्या बाकावरची एक उंच मुलगी सगळ्यांच्या आधी वाचत होती आणि आई तिला डोळ्यांनीच गप्प करत होती.

"हे अभ्यासक्रमात आहे?" मी धाकट्या बाईंना हळूच विचारलं.

"नाही हो. रोज शेवटच्या तासाला घेतात. गेल्या वर्षीपासून." मग खिडकीतून आत बघत त्या म्हणाल्या, "बाई म्हणतात, मी आहे तोवर उरकून घेऊ."

"काय उरकून घेऊ?"

"ते त्या सांगत नाहीत. गुरुवारी गुरुवारी पलीकडच्या शाळेत जाऊन बसतात तिथल्या मोठ्या बेनबरोबर. परत आल्या की मला सांगतात, तुमचं काम होईल बहुतेक."

मी खुर्च्या न बघताच परत आलो. स्कूटरवर मला सगळं लख्ख कळलं आणि त्याचं काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण गाल चाचपून बघतो ना, गाल तिथेच असतो पण आपला नसतो, तसं.

खटल्याच्या संध्याकाळी हॉल भरला. मायलेकांचा खटला म्हणून शेजारचे गुजरातीही आले होते. मंचावर एका बाजूला मी, बाबांचा काळा कोट घालून. दुसऱ्या बाजूला आई, रोजच्याच साडीत, मांडीवर पर्स. मध्ये काका, गळ्यात शाळेची घंटा वाजवायचा हातोडा अडकवून.

मी सुरुवात केली. मी जगाच्या बदलत्या वाऱ्यांबद्दल बोललो, बाजार खुला झाल्याबद्दल बोललो, परदेशी कंपन्यांच्या येऊ घातलेल्या पावलांबद्दल बोललो. मध्ये दोन बोटं अंगठ्यावर घासली. अपेक्षेप्रमाणे हशा पिकला. भाषण संपलं, टाळ्या पडल्या. काकांनी आईकडे पाहिलं. आईची मान स्थिर.

"पुन्हा," काका म्हणाले.

दुसऱ्यांदा मी आवाज खाली आणला. खलाशाच्या मुलाची, कंत्राटी कामगाराच्या मुलीची व्यथा सांगितली. बापाच्या मुठीत धरलेली चिमुकली बोटं वगैरे. पहिल्या रांगेत दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे वेळेवर भरले, ते भरतातच. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. सापडलं तेव्हा तिने वर पाहिलं. खोकल्याची गोळी होती.

"पुन्हा," काका म्हणाले. "जरा जल्दी कर भाई, वडे थंड होतायत."

तिसऱ्यांदा माझ्याकडे काही उरलं नव्हतं. हातवारे झाले होते, आवाज झाले होते. मी कोटाच्या खिशात हात घातले आणि जे होतं ते सांगितलं.

"शाळा जाणारच आहे," मी म्हणालो. "यंदा नाही तर दोनतीन वर्षांनी. तिला वाचवणाऱ्यांची मुलं तिच्यात नाहीत. जी मुलं आहेत त्यांना दुसरीकडे जायला पैसे नाहीत, म्हणून ती आहेत. चौथीनंतर त्यांना गुजराती शाळेतच जायचंय आणि तिथे ती एकेकटी जातात, शेवटच्या बाकावर बसतात, आणि सातवीपर्यंत गळतात. शाळा आपोआप बंद पडली तर ती अशीच विखुरतील. आपण बंद केली तर अटी घालता येतील. सगळी एकत्र जातील. दिवसाला एक तास मराठीचा राहील. धाकट्या बाईंची नोकरी राहील. हे बोलून घेणारं माणूस आज आहे, मे महिन्यानंतर नसेल. एवढंच."

हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. मी आईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. एकदाच, वहीवर बरोबरची खूण करताना करते तेवढी.

आयुष्यभर मी त्या मानेची वाट पाहिली होती, आणि मला वडे आठवले.

मग आई उभी राहिली. तिला माझी बाजू मांडायची होती. मला वाटलं ती संस्थानापासून सुरुवात करेल, माझं समितीतलं भाषण तिने आतून ऐकलंच होतं. ती म्हणाली, "पहिलीच्या पहिल्या दिवशी मूल रडतं. रडता रडता काहीतरी बोलतं. नाक वाहत असतं, हुंदके येत असतात, शब्द अर्धे असतात. आमच्या शाळेत ते बाईंना कळतं. दुसरीकडे कळणार नाही. माझं म्हणणं संपलं."

ती खाली बसली. तिचं संपूर्ण भाषण वडा उचलून तोंडात टाकायला लागतो तेवढ्या वेळात होऊन गेलं. मी समितीच्या इतक्या बैठका घेतल्या, इतके कागद छापले, आणि मला शाळा का हवी आहे ते मला तिच्या तोंडून कळलं.

"वकीलसाहेब," काका म्हणाले, "मान?"

मी डोलावायची विसरलो होतो. डोलावली.

काकांनी हातोडा आपटला. "दोन्ही बाजू सिद्ध झाल्या आहेत. न्यायालय निकाल राखून ठेवत आहे आणि वड्यांकडे जात आहे."

घरी येताना आई रिक्षाने पुढे गेली होती. स्कूटरवर मागे बसून बायकोने विचारलं, "मग आईंचं पटलं तुम्हाला?"

"नाही."

"अहो, काय तर बोललात! मला वाटलं पटलं."

"कळलं. पटलं नाही. एकदा बंद केलेली शाळा पुन्हा उघडत नाही. आणि अटींचं काय, अटी पाळणारी माणसं बदलतात."

"मग हे तुम्ही तिकडे का नाही बोललात?"

"तिकडे मी आईच्या बाजूने होतो."

"तुम्ही मराठी लोक ना," ती म्हणाली. ती स्वतः नागपूरची.

विसर्जन झालं आणि रविवारी खरी सभा भरली. तोच हॉल, त्याच खुर्च्या. गणपतीच्या जागी नुसतं टेबल. आईला मत नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणून ती कोपऱ्यात बसून सभेचं इतिवृत्त लिहीत होती. चर्चा फारशी झाली नाही. सगळं आधीच ऐकून झालं होतं, खटल्यात. समितीतले एक गृहस्थ तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय मांडलंस रे त्या दिवशी! माझं मत फिरलं बघ." मी निमंत्रक. त्यांना काय सांगणार?

काकांनी प्रस्तावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले. बरेच झाले. मग विरोधात. मी विरोधात होतो. सभेत येताना होतो, बसताना होतो, आत्ताही होतो. मी हात वर केला. म्हणजे मला वाटलं केला. तो खांद्यापर्यंत गेला आणि कोपरात वाकून तिथेच राहिला, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. मी त्याच्याकडे बघत होतो.

"तुझा हात कशासाठी आहे रे?" काकांनी विचारलं. "विरोध आहे का पंखा वाढवायचाय?"

सगळे हसले. मीही हसलो. माझा टायमिंगवर जीव आहे, दुसऱ्याचा असला तरी. "विरोध," मी म्हणालो. काकांनी मोजला. प्रस्ताव दोनतीन हातांच्या फरकाने मंजूर झाला, तिन्ही अटींसकट.

रात्री जेवायला खिचडी आणि कढी होती. मुलगा पिवळ्या बसमधल्या कुठल्या भांडणाचं सांगत होता, अर्धं इंग्रजीत, अर्धं गुजरातीत. आईने मला वाढलं आणि म्हणाली, "हात वर करायचा तर कोपर सरळ ठेवावं. पहिलीत शिकवलं होतं."

"आई, मी तुझ्या विरोधात दिलं मत."

"दिसलं. इतिवृत्तात लिहिलंय. विरोधात दिलंस त्याचं काही नाही." तिने कढीचा डाव टोपात ठेवला. "पण वाकडा हात कोणालाच मोजता येत नाही. ना मला, ना तुला. तूप घे."

मी तूप घेतलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता नको. मराठीचा तास काही वर्षं टिकला, मग तो कॉम्प्युटरचा झाला. म्हणजे माझं खरं ठरलं. धाकट्या बाई तिथूनच निवृत्त झाल्या, आणि एकत्र गेलेल्या त्या मुलांतली बरीच दहावीपर्यंत पोचली. म्हणजे आईचं खरं ठरलं. शाळेच्या जागेवर अजूनपर्यंत काही उभं राहिलेलं नाही, नुसतं कुलूप आहे. पेजरची कंपनी शाळेच्या मागोमाग बंद पडली. तिथे अटी घालणारं कोणी नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते जूनमधल्या सकाळचं.

आई निवृत्त झाली होती. तिचा आता कशाशी काही संबंध नव्हता. तरी ती सकाळी तयार झाली आणि मला म्हणाली, "स्कूटर काढ, मला मुलं पोचवायची आहेत. नंतर खंडेराव मार्केटला जाऊ, छुंद्याला राजापुरी कैऱ्या घ्यायच्या आहेत."

जुन्या शाळेच्या फाटकाशी मुलं जमली होती. धाकट्या बाईंनी रांग लावली. आई पुढे, मी मागे, हातात शाळेचं पाण्याने भरलेलं मोठं पिंप, कारण ते तिथे टाकून द्यायचं नाही असं आईने ठरवलं होतं. एक गल्ली ओलांडायची, इतकंच. लोक दुकानांतून बघत होते. मी अशा मिरवणुकीत नेहमी काहीतरी करतो, निदान चाल तरी बदलतो. त्या दिवशी पिंपामुळे नुसता चाललो.

नव्या शाळेच्या व्हरांड्यात गोंधळ होता. आई फाटकाच्या बाहेरच थांबली. आत यायचा तिला हक्क नाही, असं ती म्हणाली. पहिलीत यंदाच नाव घातलेली एक छोटी मुलगी आमच्या रांगेतून वेगळी काढली गेली आणि तिने भोकाड पसरलं. एक तरुण बेन धावत आली, खाली बसली, तिचे डोळे पुसायला लागली. माणूस चांगलं होतं. मुलगी हुंदक्यांतून परत परत एकच सांगत होती, "तहान लागली, तहान लागली मला."

"शुं कहे छे आ?" बेनने इकडे तिकडे पाहिलं. "पेटमां दुखे छे, दीकरा?"

मुलगी आणखीच रडली. फाटकाबाहेर आईचा हात वर झाला होता, कोपर सरळ. मग तिने तो खाली घेतला.

पाचवीच्या रांगेतून ती उंच मुलगी पुढे आली, जी खिडकीतून मी पाहिली होती. "बेन, एने तरस लागी छे," ती म्हणाली, आणि कोणी सांगायच्या आत माझ्या हातातल्या पिंपाची तोटी सोडून तिने त्यावरचा पेला भरला.

छोटी पाणी प्यायली. बेनने उंच मुलीच्या पाठीवर थाप मारली. घंटा झाली, सगळ्या रांगा आत गेल्या. मी पिंप व्हरांड्यात ठेवलं आणि बाहेर आलो.

"तुझा मुद्दा बरोबर होता," आई म्हणाली.

"कोणता?"

"मी मांडला तो."

"मग?"

"मग काय? माझाही होता. तू मांडलास तो. चल, उशीर झाला की चांगल्या राजापुरी जातात."

खंडेराव मार्केटमध्ये ती प्रत्येक कैरी हातात घेऊन, नखाने टोचून बघत होती आणि भाजीवालीशी गुजरातीत भाव करत होती. भाजीवाली म्हणाली, "बा, आटली बधी शुं करशो?" आईने सांगितलं, एवढ्यांचं करायला आता वेळ आहे. मी पिशवी धरून उभा होतो. तिने किती भरल्या मला कळलं नाही. घरी आल्यावर बायकोने माझा तळहात उलटा करून पिशवीच्या बंदाचा लाल वळ दाखवला आणि विचारलं, दुखलं नाही का तुम्हाला?

मी वळाकडे पाहिलं. तो बराच खोल होता.